न भरणारी राख

१

रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेली बाई रोज बिनसाबणाची आंघोळ करते, केसांना तेल लावत नाही, कांदा-लसूण खात नाही, अंगाला पावडरसुद्धा लावत नाही. हे बघून गोंदियातल्या कुडव्याच्या त्या गल्लीतल्या बायकांनी परस्पर ठरवून टाकलं होतं की योगेश्वरी टेंभरेनं कुठल्या तरी महाराजांची दीक्षा घेतली आहे. योगेश्वरीनं कधी खुलासा केला नाही. खुलासा करायलाही अंगात त्राण लागतं, आणि तिच्याकडे ते जेमतेम स्कूटी स्टँडवरून काढण्यापुरतं उरलेलं असायचं.

दीक्षा कसली, नोकरी होती. गोंदियाच्या बाहेर, राइस मिलांच्या रांगेमागे, इंद्रकुमार शेठचा कारखाना होता. फिनाईल, अ‍ॅसिड आणि भांडी घासायची पावडर, एवढ्यावर शेठच्या वडिलांनी घर बांधलं, गाड्या घेतल्या. पण शेठला आता काही तरी नवीन हवं होतं, नागपूर-रायपूरकडे कुणाकडेच नसेल असं. गोदामाचा मागचा भाग पांढरा रंगवून, त्यात एक भट्टी आणि एक नाजूक तराजू आणून त्यानं ‘रिसर्च’ उघडलं आणि त्या रिसर्चमध्ये योगेश्वरीला बसवलं.

काम काय, तर उसना, म्हणजे उकडा, तांदूळ करणाऱ्या मिलांच्या हौदांचा वास मारायचा. धान भिजत घातलेलं पाणी असं आंबतं की वारा फिरला की अख्ख्या वस्तीचा घास तोंडात फिरतो. लोक तक्रारी करतात, मिलवाले हात जोडतात आणि पुन्हा धान भिजवतात. आता धानाचा भुसा जाळून उरलेली राख गोंदियात डोंगरांनी पडलेली, फुकट. ती राख भाजून, धुऊन, पुन्हा भाजून तिची वास खाणारी पूड करायची, ही शेठची कल्पना. वाईट नव्हती. पण कल्पना शेठची आणि नाक योगेश्वरीचं, त्यामुळे नाकी नऊ यायचे ते तिलाच. एक पूड वास खायची पण पाणी काळं करायची. दुसरी सकाळी खायची आणि संध्याकाळी सगळं परत ओकायची. दोन वर्षं असंच चाललं होतं, आणि शेठ रोज दारात उभा राहून विचारायचा, "मॅडम, कुछ हुआ?"

परीक्षा साधी होती. टेबलावर तीन बरण्या मांडायच्या. दोनमध्ये पूड टाकलेलं हौदाचं पाणी, एकीत नुसतं स्वच्छ पाणी. या तिसरीला सगळे ‘कोरी’ म्हणत. ऑफिसातली मंजू, टेम्पो चालवणारा सुकराम आणि स्वतः योगेश्वरी, तिघांनी डोळे मिटून हुंगायचं आणि कोरी कुठली ते सांगायचं. कुणालाच सांगता आलं नाही, तर पूड जिंकली. साबण-तेल वर्ज्य होतं ते यासाठी. हुंगणाऱ्याच्याच अंगाला वास असेल तर बरणीचा काय कळणार?

२

पूड जमली ती एका डुलकीमुळे. दिवाळी उलटून गेल्यावरची दुपार होती. राख भट्टीत आणि योगेश्वरी खुर्चीत. आदली रात्र आईच्या खोकल्यात गेलेली. भट्टी बंद करायच्या वेळेलाच तिचा डोळा लागला आणि जाग आली तेव्हा काटा नको तिथे जाऊन बसला होता. खेप गेली म्हणून तिनं स्वतःलाच दोन शिव्या घातल्या आणि भट्टीचं दार उघडलं. आत करडी राख नव्हती. पांढुरकी, भुरभुरीत, फुंकर मारली तर उडेल अशी पूड होती. फेकायच्या आधी सवयीनं तिनं चिमूटभर हौदाच्या पाण्यात टाकली.

वास गेला. कमी झाला नाही, दबला नाही, गेलाच. मंजूनं तिन्ही बरण्या पुन्हा पुन्हा हुंगल्या आणि शेवटी चिडून म्हणाली, "मॅडम, आज तिन्ही कोऱ्याच ठेवल्या का? मजाक करून राहिल्या का?"

शेठ नाचायचाच काय तो बाकी राहिला. पण योगेश्वरीला लवकरच एक गोष्ट खटकायला लागली. वास खाणारी कोणतीही वस्तू कधी ना कधी भरते. कोळसा भरतो, चुना भरतो. भरला की फेकायचा, नाही तर भाजून रिकामा करायचा. ही पूड भरत नव्हती. तीच पूड ती रोज नव्या पाण्यात घालायची आणि ती रोज पहिल्या दिवसासारखीच भुकेली असायची. बरं, वास म्हणजे काही वारं नव्हे. ती वस्तू आहे, तिला वजन आहे. वास पुडीत गेला असेल तर पुडीचं वजन वाढायला पाहिजे. योगेश्वरीनं पूड वाळवून पुन्हा पुन्हा तराजूत टाकली. वजन तसूभरही हलत नव्हतं.

"शेठ, वास पुडीत राहून नाही राहिला," तिनं सांगितलं.

"तो क्या हुआ?"

"मग तो जाते कुठं?"

"अरे मॅडम, गया तो गया! कुठं जाते त्याच्याशी आपल्याले का करायचं? कस्टमर विचारणार आहे का?"

"मी विचारून राहिली न."

"आप सोचते बहुत हो. थोडा आराम करो." असं म्हणून शेठनं तिला पुढच्या आठवड्याचं काम दुप्पट करून दिलं.

एक अडचण तेवढी उरली होती आणि ती योगेश्वरीच्या हातालाच चिकटलेली होती. घरी रोज संध्याकाळी आईचे पाय दाबायचे, ते मोहाच्या टोळीच्या, म्हणजे बियांच्या, तेलानं. त्या तेलाचा उग्र वास बिनसाबणाच्या पाण्याला दाद देत नाही. "मॅडमनं धरलेल्या बरणीले पाय दाबल्याचा वास येऊन राहिला," सुकराम म्हणायचा आणि खो खो हसायचा. निकाल बिघडायचे, सगळं पुन्हा करावं लागायचं. एके दिवशी वैतागून तिनं पुडीची मूठ भरली आणि हातांना कोपरापर्यंत चोळली. वास गेला. मग रोजचंच झालं. आधी हात, मग मान, मग केसांची मुळं. आपण बनवलेली वस्तू आपल्या अंगाला लावू नये हे कॉलेजात पहिल्या वर्षी शिकवतात. तिलाही शिकवलं होतं. पण दमलेल्या माणसाला एक काम वाचत असेल तर तो पहिल्या वर्षाची वही उघडून बघत नाही.

३

घर भाड्याचं. पुढे बैठकीची खोली, मधे झोपायची, मागे स्वयंपाकघर. मधल्या खोलीत खिडकीखाली पलंग आणि पलंगावर गुणवंताबाई, योगेश्वरीची आई. काचबिंदूनं दोन्ही डोळे नेले, कमरेनं उठणं-बसणं नेलं. जीभ मात्र शाबूत होती. मुलगा खुमेंद्र दवनीवाड्याला शेती बघायचा. तांदूळ धाडायचा, फोन करून "माय कशी हाय?" विचारायचा आणि उत्तर संपायच्या आत "बरं, ठेवतो" म्हणायचा. शेजारची दुर्गेश्वरी दुपारी येऊन म्हातारीला जेवू घालून जायची. बाकी सगळं, हगण्यामुतण्यापासून औषधापर्यंत, योगेश्वरीचं.

गुणवंताबाई नाकानं बघायच्या. जन्म धान उकडण्यात आणि साठवण्यात गेलेला, कोणत्या पोत्याला बुरशी धरली ते त्या दारातूनच सांगायच्या. डोळे गेल्यावर तर नाक आणखी तिखट झालं. योगेश्वरी दारात स्कूटी लावून चप्पल काढत असायची आणि आतून आवाज यायचा, "आली का वं योगी?" दिवसभरात तिला बरं वाटायचं ते एवढंच. लग्न जमता जमता राहून गेलं होतं, मैत्रिणी आपापल्या संसारात पांगल्या होत्या. आपण तोंड उघडायच्या आत आपल्याला ओळखणारं जगात एकच माणूस आहे, आणि ते मधल्या खोलीत झोपलेलं आहे, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आईला कंटाळायची ती, चिडायचीही. पण तो आवाज आला नाही असं कधी झालं नव्हतं.

त्या संध्याकाळी आला नाही. योगेश्वरी आत गेली, पलंगाजवळ उभी राहिली. गुणवंताबाई जाग्याच होत्या, बोटांनी गोधडीची किनार चाचपत होत्या. समोर मुलगी उभी आहे याची त्यांना दादही नव्हती.

"माय," योगेश्वरी म्हणाली.

म्हातारी एवढी दचकली की तिचा हात भिंतीला आपटला. "कोन? कोन हाय तिथी?"

"मी आहे, योगी."

"अगं बाई! कवा आली? मले समजलंच नाही."

सर्दी झाली असेल, योगेश्वरीनं मनाशी म्हटलं. थंडीचे दिवस, सकाळी खिडकीबाहेर धुकं असतं. तिनं तेल कोमट केलं आणि पाय दाबायला बसली. थोड्या वेळानं गुणवंताबाई हळूच म्हणाल्या, "तुह्या हाताले काहीच वास नाही येऊन राहिला वं. कोनाचे हात हायेत तेच समजत नाही."

तेव्हा योगेश्वरीला पुडीची आठवण झाली आणि ती हसली. एवढंच होय! तिनं आईला सगळं समजावून सांगितलं, कारखाना, बरण्या, पूड. गुणवंताबाईंनी ऐकून घेतलं आणि पाय मात्र हळूच गोधडीत ओढून घेतले.

४

दोन-चार दिवसांनी आवाज पुन्हा ऐकू आला. योगेश्वरी अजून गल्लीच्या तोंडाशी होती, दुर्गेश्वरीच्या दारातली गाय आडवी आली म्हणून थांबलेली, आणि घराच्या उघड्या खिडकीतून आईचा स्वर आला, "आली का वं योगी?" तिला केवढं हायसं वाटलं. एवढ्या लांबून ओळखलं म्हणजे सर्दी गेली म्हणायची.

कुलूप काढून ती आत गेली. गुणवंताबाईंची गोधडी गुडघ्यांपर्यंत सरकवून नीट घडी घातलेली होती. पोटऱ्या तेलानं चकाकत होत्या. खोलीत टोळीच्या तेलाचा वास भरून राहिला होता आणि म्हाताऱ्या चेहऱ्यावर, पाय चांगले दाबून झाल्यावर येतो तसा सैलसर समाधानीपणा होता.

"पाय कोनी दाबले माय?"

"कोन?" गुणवंताबाई पुन्हा दचकल्या.

"योगी. पाय कोनी दाबले म्हनते मी?"

"इचारते काय येड्यावानी! आत्ताच तर दाबून उठली तू."

योगेश्वरीनं स्वयंपाकघरात जाऊन पाहिलं. तेलाची वाटी ओट्यावर होती. तिनं बोट लावलं. वाटी कोमट होती.

आता शहाण्या माणसानं काय करायचं? शहाणा माणूस शेजारी जाऊन विचारतो. दुर्गेश्वरी अंगणात तांदूळ निवडत होती.

"मी कायले दाबीन बाई?" ती म्हणाली. "मी बारा वाजता जेवू घातलं, कुलूप लावलं, आपल्या घरी आली. मंग मले वाटलं तूच लवकर आली म्हनून."

"काऊन वाटलं तसं?"

"बोलत होती न तुम्ही दोघी. तुही माय हसून राहिली होती." दुर्गेश्वरीनं सुपातला खडा काढून टाकला. "लय दिवसानं हसली, पाह्य."

म्हातारी माणसं एकटीच बोलतात, एकटीच हसतात. तेल दुर्गेश्वरीनंच लावलं असेल आणि ती विसरली असेल. किंवा वाटी उन्हात असेल. ओट्यावर ऊन येत नाही हे योगेश्वरीला माहीत होतं, पण त्या दिवशी कारखान्यातून निघायलाच तिला उशीर झाला होता, भाजी टाकायची होती, कपडे भिजलेले होते. घाबरायचं असेल तर त्यालाही वेळ काढावा लागतो. पाय आज दाबायचे नाहीत, एवढंच तिच्या लक्षात आलं, आणि ती जेवून लवकर झोपली.

५

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं. योगेश्वरीला सुटल्यासारखं वाटायला लागलं होतं. घरी यावं तर आईचे पाय दाबलेले, केस विंचरलेले, पाठ पुसलेली. म्हातारीच्या गालांवर तुकतुकी आली. खोकला कमी झाला. योगेश्वरीला सलग झोप मिळायला लागली. हे कोण करतं, हा प्रश्न तिच्या मनात रोज यायचा आणि रोज ती त्याला उद्या ये म्हणून सांगायची. तिला याची लाज वाटत होती. लाज वाटत होती आणि झोपही लागत होती.

पण घरात तिला कुणी ओळखत नव्हतं. "दुर्गेश्वरी का वं?" असं गुणवंताबाई विचारायच्या. कधी "नर्सबाई का?" म्हणायच्या. आपण योगी आहोत असं सांगितलं की पाहुण्याशी वागावं तशा जपून वागायच्या. ते मात्र योगेश्वरीला सहन होईना. तिनं पूड लावणं बंद केलं. साबण आणला, चंदनाचा. खोबरेल तेल आणलं, केस चपचपीत केले. कपडे घालून होईस्तोवर तेलाचा वास नाहीसा झालेला असायचा. तिनं लसणाची चटणी हातांनी कुस्करली. बोटं हुंगली. नुसती बोटं होती.

तिचा शास्त्राचा स्वभाव काही गेला नव्हता. तिनं दिवसभर अंगावर असलेली ओढणी घेतली, घडी करून एका बरणीत कोंबली. दुसऱ्या बरणीत सुकरामचा रुमाल, तिसरीत दुकानातून आणलेला नवाकोरा कपडा. बरण्यांना कागद गुंडाळले आणि मंजूला बोलावलं.

मंजूनं पहिली बरणी हुंगून लगेच तोंड फिरवलं. "ये तो सुकराम है." नव्या कपड्याच्या बरणीशी ती थोडी थांबली. "हा कपडा आहे. दुकानाचा वास आहे याला." मग तिनं ओढणीची बरणी नाकाशी धरली. बराच वेळ धरली.

"ही कोरी," ती म्हणाली. "यात काही ठेवलंच नाही तुम्ही."

"नीट बघ."

"बघून राहिली न मॅडम. कपडा असता तर कपड्याचा वास आला असता." मंजूनं बरणी पटकन टेबलावर ठेवली आणि हात पुसला. "रिकामी बरणीपण अशी नाही राहत. काचेचा तरी येते."

शेठ दारातून ऐकत होता. "वा!" तो म्हणाला. "मॅडम तो खुद ही सॅम्पल हो गई!" त्याची खुशी वेगळीच होती. पुडीच्या गोण्या त्या आठवड्यात मिलांकडे रवाना झाल्या होत्या. योगेश्वरीनं त्या थांबवायला सांगितल्या, निदान महिनाभर. शेठनं तिला कारण विचारलं. वजन वाढत नाही, एवढंच तिला सांगता आलं. त्याला ते कारण वाटलं नाही, आणि खरं सांगायचं तर उजेडात, माणसांत उभं राहून तिलाही वाटलं नाही.

पण स्कूटीवर बसल्यावर एक विचार तिच्या डोक्यात येऊन बसला. माझा वास गेला. वास वस्तू आहे. पुडीत तो नाही. मग तो कुठे तरी असणार.

६

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीतच ती निघाली. डोकं दुखतं म्हणून मंजूला सांगितलं, ते खोटंही नव्हतं. हिवाळ्यातलं स्वच्छ ऊन पडलं होतं. कुडव्याच्या नाक्यावर पेरूच्या गाड्या लागलेल्या, शाळेतली पोरं सुटलेली, मालगाडीची शिट्टी ऐकू येत होती. घाबरायला अगदीच गैरसोयीची वेळ होती. तिनं स्कूटी गल्लीच्या तोंडाशीच बंद केली आणि ढकलत दारापर्यंत आणली.

दाराला कुलूप होतं. तिनं ते आवाज न करता काढलं. चप्पल हातात घेतली.

बैठकीच्या आणि मधल्या खोलीच्या मधे एक पडदा होता, जुन्या साडीचा. पलीकडून गुणवंताबाईंचा आवाज येत होता. सालेकशाच्या जंगलात मोह वेचायला गेल्या होत्या तेव्हाची, अस्वलाची गोष्ट त्या सांगत होत्या. योगेश्वरीनं ती गोष्ट लहानपणी हजारदा ऐकली होती आणि अलीकडे, आई ती सुरू करायला लागली की, "माय, काम हाय" म्हणून उठून जायची. आता म्हातारी ती सगळी सांगत होती, निवांत, मधे मधे थांबून. कुणी तरी "मग?" म्हणावं इतकं थांबून. उत्तर ऐकू येत नव्हतं. पण थांबल्यावर म्हातारी ज्या तऱ्हेनं पुन्हा सुरू करायची, त्यावरून तिला ते मिळत होतं हे कळत होतं.

मग पडद्याच्या फटीतून वास आला.

आधी टोळीच्या तेलाचा. त्यामागून दुसरा. आपला वास आपल्याला कधी येत नसतो. जन्मल्यापासून तो आपल्याबरोबर असतो म्हणून नाक त्याची नोंद घेत नाही, हे तिनं पुस्तकात वाचलं होतं. हा वास तिनं आयुष्यात कधी घेतला नव्हता. थोडा घामाचा, थोडा राखेचा, ओल्या केसांचा, आणि त्याखाली आणखी काही तरी, ज्याला नाव नव्हतं. तरी तो कुणाचा आहे हे तिला विचारावं लागलं नाही.

तिनं पडदा बोटभर सरकवला.

खिडकीतून ऊन पलंगावर पडलेलं होतं. गुणवंताबाई उशीला टेकून पडल्या होत्या. त्यांचे पाय लांब केलेले होते, आणि ते पलंगावर टेकलेले नव्हते. वीतभर वर होते, कुणी मांडीवर घेतल्यासारखे. पलंगाचा तो कोपरा दबला होता. म्हातारीच्या पोटरीवरची सैल कातडी घोट्यापासून वर, हळूहळू, जोडीनं खोल जात होती आणि पुन्हा भरून येत होती. अंगठ्याखाली दबते तशी. घाई नव्हती. योगेश्वरीला नेहमी असायची.

योगेश्वरीच्या हातातली चप्पल खाली पडली.

७

कातडी दबायची थांबली. पाय तसेच वर राहिले.

"कोन हाय?" गुणवंताबाईंनी विचारलं.

पळून जावं असं योगेश्वरीला वाटलं होतं. पण आईला त्या खोलीत टाकून ती कुठे पळणार? ती पडदा सारून आत गेली, पलंगाच्या त्या कोपऱ्याकडे न बघता उशाशी गेली आणि खाली बसली.

"माय, मी हाय. योगी. तुही योगी. ते जे हाय ते मी नाही. माय, माहा आवाज नाही ओळखत का तू?"

"आवाज तर तिचाच काढतेस," गुणवंताबाई म्हणाल्या. रागानं नाही, विचार करत म्हणाल्या. "पन आवाज कोनालेबी काढता येते बाई. वास काढता येते का?"

योगेश्वरीनं आईचा हात घेतला आणि आपल्या तोंडावर ठेवला. म्हातारीची खरखरीत बोटं कपाळावरून फिरली, मिटलेल्या डोळ्यांवरून, गालांवरून. तिथे ती ओली झाली. लहानपणी तापात हा हात असाच फिरायचा. आता ओळखेल. नाक, हनुवटी, कानातलं, कुठं तरी ओळखेल. गुणवंताबाईंनी तो हात आपल्या नाकाशी नेला आणि हुंगला. पुन्हा हुंगला. त्यांच्या कपाळावर आठी पडली, आणि मग ती हळूहळू गेली. चेहऱ्यावर कीव आली.

"अगं माय माय," त्या म्हणाल्या. "किती थकली हाय ही! डोळे पाह्य कसे खोल गेले बिचारीचे. कोनाची पोर हाय, कोन जाने." त्यांनी तोंड पलंगाच्या पायथ्याकडे वळवलं आणि तिथल्या रिकाम्या उन्हाला, योगेश्वरीला ओळखीच्या असलेल्या त्या मायेच्या, हक्काच्या आवाजात म्हणाल्या, "योगी, पाय राहू दे आता. हिले कपभर चाय करून दे बाई. आन मंग हिच्या घरी धाडून दे. वाट पाहत असंन हिची माय."

पाय अलगद खाली आले, गोधडीवर टेकले. गोधडी त्यांच्यावर ओढली गेली, कडा खाली नीट खोचल्या गेल्या. पलंगाचा दबलेला कोपरा वर आला. तो वास योगेश्वरीच्या अगदी जवळून, खांद्याला लागेल इतक्या जवळून गेला.

उठायला हवं होतं. ओरडायला हवं होतं, दुर्गेश्वरीला हाक मारायला हवी होती, आईला उचलून बाहेर न्यायला हवं होतं. तिनं प्रयत्न केला. हात जमिनीला टेकवला, पण उठता आलं नाही. गेल्या कित्येक वर्षांचा सगळा थकवा एकदम येऊन तिच्या मांडीवर बसला होता. स्वयंपाकघरात गॅस पेटल्याचा आवाज झाला. पातेलं ठेवल्याचा, डबा उघडल्याचा आवाज झाला. या घरात तिच्यासाठी कुणी कधी चहा केलेला तिला आठवत नव्हता.

ती भिंतीला टेकली आणि चहा यायची वाट बघत बसून राहिली.